अहेरीच्या वाटेवर एक्स-रेचं दूध

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आले असं सांगितलं की सांगलीतली माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, वाघ दिसला का? दुसरा, डोकं ठिकाणावर आहे ना? वाघ दिसला नाही. दुसऱ्याचं उत्तर वसुधाला विचारा, कारण या प्रवासाला तीच जबाबदार.

वसुधा आणि मी दुग्धशास्त्राच्या कॉलेजात एका बाकावर बसत होतो. पुढे मी त्याच विषयाची मास्तरीण झाले आणि वसुधाला उजेडाचं वेड लागलं. दूध तापवून टिकवणं हा तिच्या मते रानटीपणा. तापवलं की ताज्या दुधाची चव मेली, म्हणते. म्हणून तिने अनेक वर्षं खपून स्वतःच्या हातांनी एक यंत्र बनवलं. स्टीलच्या नळीच्या आतल्या भिंतीवरून दूध पापुद्र्यासारखं पातळ घसरत जातं, आणि मधोमध लावलेला अतिनील दिवा त्यातले जंतू मारतो. आच नाही, वाफ नाही. झडपेवरच्या छोट्या काचेतून तेवढा जांभळा उजेड दिसतो.

माझं यंत्र म्हणजे दुहेरी भिंतीचं पातेलं. मधल्या जागेत गरम पाणी, वर थर्मामीटर. दूध उकळू द्यायचं नाही. बोट चटकेल इतपत तापवून अर्धा तास तसंच धरायचं, मग झटकन गार करायचं. मी याला यंत्र म्हणते. वसुधा 'भांडं' म्हणते.

या भांडणाचा निकाल लावायची संधी आली ती पोंभुर्ण्याच्या आतल्या एका गावातून. तिथल्या बायकांनी मिळून म्हशी घेतल्या होत्या. वसुधाच्या ओळखीतल्या कोणीतरी तिला त्यांची अडचण सांगितली, तिने मला फोन केला, "तुझं भांडं घेऊन ये, एकदाचा फैसला करू," आणि मी गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात.

पोंभुर्ण्याजवळ

चंद्रपूरहून भाड्याची जीप केली. चालवणारे लक्ष्मणभाऊ तिकडचेच, गप्पिष्ट, आणि फोनवर सतत कोणाला ना कोणाला धरून असलेले. गावात शिरलो तेव्हा सकाळचं ऊनसुद्धा डोळे मिटायला लावत होतं. तलावाचं पाणी पार मध्यावर गेलेलं, काठच्या चिखलात दोन माणसं जाळं झाडत होती. अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातलेली, आणि त्यांचा गोडसर आंबूस वास सगळ्या गावाला लागलेला. पहिल्या दहा मिनिटांत मला वाटलं की इथे दुधाचा प्रश्नच काय, हवाच नासलेली आहे. दुसऱ्या दिवशी तोच वास मला आवडायला लागला.

गटाच्या प्रमुख कुसुमबाई पन्नाशीच्या, उंच, आणि कमी बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी चहा दिला. कोरा. आमच्या सांगलीकडे पाहुण्याच्या चहात दूध कमी पडलं तर भाऊबंदकी होते. इथे दूध काढणाऱ्या बाईच्या घरी कोरा चहा! मी विचारलंच.

"आमी लहानपनापासून कोराच पेतो, म्याडम," कुसुमबाई म्हणाल्या. "म्हशी आता आल्या. दूध विकाले आहे."

"मग विकतं का?"

"कुठी विकते! चंद्रपुरात पाकिटं येतात, त्याईले आमचं काऊन पाह्यजे? अहेरीले मात्र दुधाची बोंब आहे. माझा भाचजावई मल्लेश, त्याचं तिथी हॉटेल आहे. तो म्हनते, मामी, जेवढं आनसान तेवढं घेतो. पन आनता आनता फाटते. दोनदा नेलं, दोन्ही वेळा फाटलं. आता तो म्हनते, अजून एकदा पाहू. मंग नाई." त्यांनी कप खाली ठेवला. "अर्ध्या बाया म्हनतात, म्हशी विकून टाकू."

म्हणजे आमचं कॉलेजातलं भांडण इथे बारा-पंधरा घरांच्या म्हशींवर येऊन बसलं होतं. वसुधा आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि थोडा वेळ शहाण्यासारख्या वागलो.

थोडाच वेळ. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धारेचं दूध आम्ही दोन भागांत वाटून घेतलं. माझं पातेलं चुलीवर चढलं, तिचं यंत्र इन्व्हर्टरवर घूं घूं करू लागलं. गावातल्या बायका माझ्याकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. तापणारं दूध त्यांनी जन्मभर पाहिलेलं. सगळी गर्दी त्या जांभळ्या काचेभोवती. कुसुमबाईंच्या सासूबाईंनी तर पदर सावरून यंत्राला नमस्कारही केला.

मग चव बघायची वेळ आली. वसुधाने दोन वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीखाली लाल फीत, म्हणजे माझं तापवलेलं. दुसरीखाली निळी, म्हणजे तिचं उजेडातलं. मी रिवाजाप्रमाणे एकेक घोट तोंडात घोळवून थुंकला.

"ही खरी चव," मी लाल वाटी उचलून जमलेल्या बायकांना समजावलं. "किंचित आच लागल्याचा गोडवा आहे बघा. आणि या निळ्यात बघा, कसं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. उजेडाने दुधातली साय बिघडते, त्याचा हा वास."

वसुधा शांतपणे म्हणाली, "फिती मी बदलल्या होत्या."

बायका इतक्या हसल्या की एकीच्या कडेवरचं मूल दचकून रडायला लागलं. कुसुमबाईंनीही पदर तोंडाला लावला. एक सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना वेगळीच चिंता होती.

"पन ही बाई दूध थुकते काऊन?"

याचं उत्तर मी सहसा देत नाही, पण तिथे द्यावं लागलं. मला दूध पचत नाही. पेलाभर प्यायले तर पोट दिवसभर माझ्याशी भांडतं. दुधावर पोट भरणाऱ्या बाईचं पोट दुधाने बिघडतं हे ऐकून तिथे दुसऱ्यांदा हसण्याची लाट आली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

दुपारी जेवायला भात, अंबाडीची भाजी आणि तलावातल्या झिंग्यांचं झणझणीत कालवण. मी तीनदा भात घेतला. अपमानाने भूक वाढते असा माझा अनुभव आहे.

आष्टीचा पूल

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या धारेचं दूध घेऊन अहेरीला निघालो. जीपमध्ये स्टीलच्या तीन बरण्या: लाल फितीची तापवलेली, निळी उजेडातली, आणि बिनफितीची कच्ची, तुलनेसाठी. बर्फ मुद्दाम घेतला नाही. गटाकडे रोज बर्फ कुठला असणार? रस्ता आणि ऊन हीच आमची प्रयोगशाळा. कुसुमबाई बरण्यांशेजारी बसल्या, हात झाकणावर ठेवून.

गोंडपिपरी मागे पडलं आणि लक्ष्मणभाऊंनी आरशातून विचारलं, "म्याडम, हे निळ्या फितीवालं काय भानगड आहे जी?"

फितींचा सूड मला घ्यायचाच होता. मी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ते होय? ते एक्स-रे मारलेलं दूध."

"अरे बाप्पा!"

"एक्स-रे नाही हो!" वसुधा मागून ओरडली. "साधा अतिनील प्रकाश. उन्हातही असतो तसला."

"तिचं ऐकू नका," मी म्हणाले. "प्यायलं की आतली हाडं दिसतात."

वसुधा चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. तो लाल झालेला बघून मला फार बरं वाटलं. लक्ष्मणभाऊ काही बोलले नाहीत. हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं, कारण ते गप्प बसणारे गृहस्थ नव्हते.

आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. नदी उन्हाळ्यातही अंग धरून होती. वाळूचे पांढरे पट्टे आणि मधून हिरवट, सावकाश वाहणारं पाणी. चहाच्या टपरीवर थांबलो, आणि टपरीवाल्याच्या स्टोव्हवर तिन्ही बरण्यांतलं थोडं थोडं दूध उकळून बघितलं. कच्चं लगेच फाटलं. कुसुमबाईंनी भांड्यातल्या गुठळ्या पाहिल्या आणि मान फिरवली. हे दृश्य त्यांनी आधी दोनदा पाहिलं होतं. मग लाल. टिकलं. मग निळं. तेही टिकलं. वसुधाने माझा दंड असा दाबला की काळानिळा झाला.

या गडबडीत लक्ष्मणभाऊ नदीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. आम्हाला वाटलं, घरी बोलत असतील.

आलापल्लीच्या वाटेवर

आष्टी सोडलं की पुढे जंगल दाटत जातं. जंगल म्हटल्यावर मी हिरवंगार काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. मे महिन्यातला साग म्हणजे राखी खांबांची ओळ. पानं सगळी खाली, आणि जीप गेली की ती कुरकुरत उठायची. मोकळ्या जागी बिडीच्या तेंदूपानांचे पुडे उन्हात वाळत मांडलेले होते, इतके शिस्तीत की शाळेच्या मैदानावर मुलं बसवली आहेत असं वाटावं. तिथल्या एका बाईंनी आम्हाला ओंजळभर तेंदूची फळं दिली. चिकूची लांबची बहीण, पण बी मोठी आणि गर कंजूष. आम्ही बिया थुंकत थुंकत निघालो. थुंकण्याच्या बाबतीत मी आघाडीवर आहे असं वसुधाचं मत पडलं.

जंगलातल्या एका नाक्यावर गार्डने जीप थांबवली. "डब्ब्यात काय आहे?"

"दूध," कुसुमबाई म्हणाल्या.

"साधं नाई," लक्ष्मणभाऊ अभिमानाने म्हणाले. "यातलं एक एक्स-रेवालं आहे."

गार्ड दोन पावलं मागे सरकला आणि त्याने लांबूनच हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. कुसुमबाई हसल्या नाहीत.

"लक्ष्मणभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुमी अजून कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई. फकत साडूले. तो अहेरीतच राह्यते ना, आज बजार आहे, म्हटलं त्याले बी कळू द्या."

अहेरी

अहेरीच्या बाजारात पोहोचलो तेव्हा बाजार भरात होता. सुकी मासळी, मोहफुलं, चारोळी, प्लास्टिकच्या घागरी, मिरच्यांचे लालभडक ढीग. एका बाजूला गोंडी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मध्ये कुसुमबाई बोलतात ती झाडीबोली, आणि भाव करताना सगळ्यांची हिंदी. एरवी मी तिथे दिवसभर रमले असते. पण मल्लेशभाऊंच्या हॉटेलापुढे माणसं जमली होती, आणि ती चहासाठी जमलेली नव्हती.

लक्ष्मणभाऊंच्या साडूने आपलं काम चोख केलं होतं.

मल्लेशभाऊ बाहेर आले. तरुण माणूस, कपाळावर घाम, मामीपुढे बोलायचं म्हणून अवघडलेला. "मामी, रागावू नका. पन हे दूध मी नाई घेऊ शकत. सकाळपासून लोक पुसून राह्यले, तुह्या हॉटेलात एक्स-रेचं दूध येऊन राह्यलं म्हनतात, खरं काय? आज माझा चहाच नाई खपला."

"त्यातली एकच बरणी तसली आहे," मी घाईघाईने म्हणाले. "दुसरं साधं तापवलेलं..."

"बाई, आता लोक दोन्ही बरण्याईले हात नाई लावत."

कुसुमबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या जीपच्या पायरीवर बसल्या आणि पदराने बरणीवरची धूळ पुसू लागल्या. माझ्या एका फालतू विनोदाने त्यांच्या म्हशी बाजारात उभ्या राहिल्या होत्या.

वसुधा पुढे झाली आणि समजावू लागली: हा एक्स-रे नव्हे, हा प्रकाश दुधात राहत नाही, जसं ऊन वाळवणात राहत नाही. छान बोलली. पण तीच यंत्रवाली. तिचं कोण ऐकणार? मग मी पुढे झाले. कॉलेजात ज्या यंत्राला मी दरवर्षी नावं ठेवली, त्याची बाजू घेऊन मी अहेरीच्या बाजारात, भर उन्हात, घसा फोडून बोलले. एक्स-रे हा शब्द माझा होता, मी मैत्रिणीला चिडवायला तो वापरला, त्यात कुसुमबाईंचा काही दोष नाही, हेही सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग मिरच्या विकणारी एक म्हातारी, जागेवरून न उठता, म्हणाली, "एवढं चांगलं आहे तं तू पेऊन दाखव."

वसुधाने माझा हात धरला. "सुनंदा, नको. मी पिते."

"तू नको पिऊ," म्हातारी म्हणाली. "तुहं यंत्र आहे. तिले पेऊ दे."

मल्लेशभाऊंनी पेला आणला. स्टीलचा, आणि मोठा. त्या भागात लहान पेले बनतच नाहीत असं माझं ठाम मत आहे. निळ्या बरणीतलं दूध काठोकाठ भरलं. सगळा बाजार बघत होता. मी थुंकणार नव्हते. डोळे मिटले आणि एका दमात प्यायले.

आता खरं सांगते, ते दूध सुरेख होतं. चार-पाच तास जीपमध्ये शेकून निघालं होतं तरी गोठ्यात उभं राहून प्यावं तशी ताजी चव. माझं तापवलेलं असं लागत नाही. हे वाक्य मी वसुधाला अजून तोंडावर म्हटलेलं नाही. तिने इथे वाचावं.

"हाडं दिसून राह्यली काय?" गर्दीतून कोणीतरी विचारलं, आणि सगळा बाजार हसला. हसला म्हणजे सुटलो. मल्लेशभाऊंनी दोन्ही बरण्यांतलं दूध वेगवेगळं उकळलं, एकही फाटलं नाही. चहा चढला. पहिला कप म्हातारीने मागवला आणि बशीत ओतून प्यायला.

"गोड आहे," तिने निकाल दिला आणि मिरच्यांकडे वळली.

कुसुमबाई उठून माझ्याजवळ आल्या. "बाई, तुमाले तं पचत नाई ना जी?"

"नाही."

"मंग?"

"मग बघू," मी म्हणाले.

बघावं लागलंच. दुपारभर मी लॉजच्या खोलीत होते, आणि खोलीपेक्षा जास्त खोलीबाहेरच्या एका छोट्या दारामागे होते. बाजार मी पाहिला तो एवढाच. चारोळीची बर्फी, जिच्यासाठी लोक अहेरीचं नाव काढतात म्हणे, माझ्या वाट्याला आली नाही.

ऊन कलताना वसुधा आली. चेहरा उतरलेला. "माझं फाटलं," ती म्हणाली. "मल्लेशभाऊंनी आत्ता परत उकळलं. तुझं अजून टिकून आहे. जिंकलीस."

आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मी पोट दाबून पुन्हा त्या दाराकडे पळाले. विजय साजरा करायची ही पद्धत मी कोणाला सुचवणार नाही.

परत आले तर वसुधा खिडकीशी बसून होती. "दूध दाट असतं गं," ती म्हणाली, स्वतःशीच बोलावं तशी. "कितीही पातळ पापुद्रा केला तरी उजेड आत पोहोचत नाही. वरचे मरतात, आतले लपून बसतात. मला हे माहीत होतं. मला वाटलं, पापुद्रा आणखी पातळ केला की जमेल." मी तिच्या शेजारी बसले आणि दोघींनी मिळून मिठाचं पाणी प्यायलं. खरं म्हणजे मी प्यायले, तिने सोबत केली.

पुन्हा गावात

परतल्यावर कुसुमबाईंच्या अंगणात सगळ्या बायका बसल्या. मल्लेशभाऊंनी रोजच्या दुधाला हो म्हटलं होतं. म्हशी विकायची भाषा कोणी काढली नाही. प्रश्न एवढाच होता की गटाने कोणतं यंत्र ठेवायचं. त्यांनी पातेलं निवडलं. तापलेलं डोळ्याला दिसतं, वीज गेली तरी चूल आहे, आणि अहेरीपर्यंत टिकतं. वसुधाने मान डोलावली. वादात मी एक शब्द बोलले नाही. माझ्या ओळखीच्या कोणाचा यावर विश्वास बसणार नाही.

मग वसुधाच म्हणाली, "बरण्या कशाने धुता?"

"विहिरीच्या पान्यानं."

ती उठून विहिरीवर गेली, बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. "यातून उजेड आरपार जाईल," ती म्हणाली. "दुधात जात नाही तो यात जाईल. पाण्यात असलेले जंतू बरणीत राहतात आणि सकाळचं दूध तेच नासवायला सुरुवात करतात. धुवायचं पाणी माझ्या नळीतून जाऊ द्या. सुनंदाचं भांडं दुधाला."

कुसुमबाईंनी तिच्या यंत्राकडे बघितलं. "मंग हे तुमी खोलून टाकसान काय?"

"हो. दुधाची नळी काढून पाण्याची बसवावी लागेल, ती आहे माझ्याकडे."

पाना घेऊन ती खाली मातीत बसली आणि आपलं यंत्र स्वतःच सोडवू लागली. एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवत होती. त्या पापुद्र्याच्या नळीवर तिचे किती उन्हाळे गेले होते ते मला ठाऊक होतं. मी टोमणा मारला नाही. मारावासाही वाटला नाही.

"बाई, वाईट वाटून राह्यलं काय?" कुसुमबाईंनी विचारलं.

"थोडं," वसुधा म्हणाली.

नवी नळी बसली. दिवा लागला, पंप सुरू झाला, काचेत जांभळा उजेड उतरला आणि दुसऱ्या टोकाने बादलीत पाणी पडू लागलं. सासूबाई पुढे आल्या, वाकून बादलीत बराच वेळ बघत राहिल्या, आणि काळजीने म्हणाल्या, "यात तं काईच नाई दिसून राह्यलं."

अहेरीहून निघाल्यापासून वसुधा पहिल्यांदा हसली. अगदी मनापासून, मातीत बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने झाकण लावायला हात पुढे केला, स्क्रू मोजले, एक कमी निघाला, आणि ती माझ्यावर ओरडली.